हिरवी रेघ

बारा सेकंदांचं टायटल. फक्त बारा! आणि आठ जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर ते मला एकदाही सलग बघायला मिळालं नव्हतं. आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरमध्ये टाइमलाइनच्या वर एक हिरवी रेघ सरकत जाते. जेवढी रेघ हिरवी, तेवढ्या फ्रेम रॅममध्ये तयार. माझी रेघ चौथ्या सेकंदाला अडायची. पुढची अक्षरं कशी पडतायत, हे मी दोन वर्षं अंदाजानं ठरवत होते. रेघ का अडायची ते आता मला कळलंय, आणि कधी एकदा सगळ्यांना सांगते असं झालंय!

नवा कॉम्प्युटर जोडायचं ठरवलं होतं, आणि मी पैसे साठवत होते ते ग्राफिक्स कार्डासाठी. ज्याला विचारावं तो तेच सांगायचा, आणि विचारलं ते सगळे गेम खेळणारे. बजेटचा निम्म्याहून मोठा वाटा कार्डच खाणार होतं. पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका दुकानात सुट्या भागांची यादी पुढे केली, तर काकांनी ती वाचून उलटी ठेवली.

"करता काय तुम्ही नेमकं? थ्रीडी?"

"नाही काका. टूडी. टायटल्स, लोगो, गणपतीत मंडळांच्या एलईडी स्क्रीन."

"मग कार्डाचं काय घेऊन बसलात? आधी रॅम बघा."

आणि यादीच्या पाठीवर त्यांनी हिशोब मांडला. १९२० गुणिले १०८०, म्हणजे एका फ्रेममध्ये २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल. प्रत्येकाला चार बाइट: लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता. झाले ८२ लाख ९४ हजार ४००. सेकंदाला २५ फ्रेम, असे बारा सेकंद: अडीच जीबी! ग्रेडियंटला पट्टे पडू नयेत म्हणून मी १६ बिटमध्ये काम करते, म्हणजे पाच जीबी. विंडोज आणि आफ्टर इफेक्ट्सनं आपापला वाटा घेतल्यावर आठातले पाच उरणार कुठून? रेघ चौथ्या सेकंदाला अडत होती, ती या गणितानं!

त्याच दुपारी यादी बदलली. रायझन ५ ५६००जी. सहा कोअर, बारा थ्रेड, आणि चित्र दाखवण्यापुरतं ग्राफिक्स त्याच्या पोटातच. बी५५० बोर्ड, त्यात रॅमचे चार स्लॉट. सोळा-सोळाच्या दोन पट्ट्या. बत्तीसची एकच नाही, कारण दोन असल्या की प्रोसेसरला दोन वाटांनी माल मिळतो, आणि हे पोटातलं ग्राफिक्स त्याच रॅमवर जगतं. एनव्हीएमई एसएसडी. पॉवर सप्लाय मात्र चांगला, उद्या कार्ड लावता येईल असा. थ्रीडीकडे वळले, ब्लेंडरमध्ये सायकल्सवर रेंडर करायची वेळ आली की कार्ड घेईन, तेव्हा ते खरंच लागेल. एक्स्टेंशन बोर्ड तपकीर गल्लीतून.

जोडणी घरीच केली. प्रोसेसरच्या खाली सोनेरी पिनांचं दाट शेत, कोपऱ्यात बारीकसा त्रिकोण. सॉकेटवरही तसाच त्रिकोण. खटका वर करायचा, त्रिकोणावर त्रिकोण आणायचा आणि सोडून द्यायचं. दाबायचं अजिबात नाही. तो आपल्या वजनानं आत बसला, आणि माझा श्वास मग सुटला! रॅमच्या पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, कट्ट आवाज येईपर्यंत. बायोसमध्ये एक्सएमपी चालू केलं तेव्हा २६६६ वर रेंगाळणारी रॅम ३२०० ला गेली. एवढ्या एका सेटिंगवाचून कितीजणांची मशीन मंद चालत असतील!

आणि मल्टिफ्रेम रेंडरिंग! २०२१ पासून आफ्टर इफेक्ट्स एकाच वेळी अनेक फ्रेम वेगवेगळ्या कोअरना वाटून देतं. एक मोठं काम, अनेक हात. १९९१ मध्ये याच पुण्यात सी-डॅकनं परम ८००० उभा केला तो याच तत्त्वावर, अनेक प्रोसेसर एकमेकांना जोडून. ते आठवलं आणि टेबलाखालच्या डब्याकडे मी बघतच राहिले.

रात्री दीडला तेच टायटल उघडलं. स्पेसबार दाबला. चौथं सेकंद गेलं. सातवं गेलं. रेघ टोकापर्यंत हिरवी! 'मोरया'ची अक्षरं एकामागून एक उतरली, आणि मला पहिल्यांदाच दिसलं की 'मो'ची मात्रा उशिरा येतेय. तीन फ्रेम अलीकडे ओढली. पुन्हा स्पेसबार.