खुंटाची फूट

न्यू जर्सीत आम्ही घर घेतलं त्याच वर्षी, म्हणजे 2014 साली, ह्यांनी दारापुढे एक जपानी मेपल आणून लावला. जेमतेम कमरेएवढा. फांद्या जमिनीकडे झुकलेल्या आणि पानं इतकी बारीक चिरलेली की लाल रेशमाचे गोंडेच लोंबताहेत असं वाटावं! झाडाचं कौतुक फार, पण वाढ मात्र गोगलगायीच्या गतीनं.

म्हणूनच दोन-तीन वर्षांनी बुंध्यापासून एक हिरवीगार फांदी सरळ वर निघाली, तेव्हा मला कोण आनंद झाला! बघता बघता ती माझ्या खांद्याला लागली. त्याच बाजूची लाल पानं विरळ होत चालली होती. मी उन्हाला दोष दिला, खत घातलं, पाणी वाढवलं. काही उपयोग नाही.

2019 मध्ये बाबा गेले आणि आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली. आई रत्नागिरीकडची, सारा जन्म आंब्याच्या बागेत गेलेला. इथे मात्र दिवसभर खिडकीशी बसून राहायची. गॅस पेटवायलासुद्धा बिचकायची. बाबांचं नाव काढत नव्हती. "माझं इथं काय काम गं?" असं एकदा म्हणाली, तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. तिला बरं वाटावं म्हणून मी मुलांचे मोजे घड्या घालायला द्यायची. तिलाही ते कळत असणारच.

एके संध्याकाळी पायऱ्या उतरताना ती झाडापाशी थबकली. वाकून बुंधा चाचपला आणि म्हणाली, "अगं, हा खुंट माजलाय! तुझं कलम उपाशी मरतंय."

"कलम?"

"हा बघ सांधा." बुंध्यावरच्या गाठीवर तिनं बोट ठेवलं. गाठीच्या वर चिरलेली लाल पानं, खाली हाताच्या पंजासारखी रुंद हिरवी पानं. इतके दिवस मी हे रोज पाहत होते! "खुंटाची फूट जोमदार असते, सगळा रस तीच ओढते. तुझे बाबा बागेतलं एकेक कलम फिरून बघायचे. एवढीशी फूट दिसली तरी अंगठ्यानं मोडायचे..."

आणि मग आई बाबांबद्दल बोलत राहिली. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघी पायरीवरच बसलो होतो. त्या रात्री स्वयंपाकाला उशीर झाला, पण कुणी तक्रार केली नाही.

दुसऱ्या दिवशी कात्री तिनंच चालवली. इतकी छान वाढलेली फांदी तोडायला माझा हात धजेना. पुढे शेजारच्या आजीबाईंनीही आपलं झाड दाखवायला तिला बोलावून नेलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण बोटांनी सगळं समजलं!

थंड मुलुखात राहणाऱ्या मैत्रिणींनो, हा मेपल लावाल तर सकाळचं ऊन आणि दुपारची सावली द्या. कडक ऊन आणि कोरडा वारा लागला की पानांच्या कडा करपतात. मुळं वरवर असतात, म्हणून माती ओलसर हवी, पण पाणी साचता कामा नये. बुंध्याभोवती दोन-तीन इंच लाकडाच्या सालींचा थर घाला, मात्र तो बुंध्याला टेकू देऊ नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ह्या झाडाच्या नादी लागू नये. त्याला हिवाळ्यातली थंडीची विश्रांती लागते. पण तुमच्या दारी कलमी गुलाब असेल, तर सांध्याखालून फूट येत नाही ना, तेवढं आजच बघा. आली असेल तर अगदी बुडापासून काढा.

माझं झाड हळूहळू भरलं. आई रत्नागिरीला परतली. दर एप्रिलला तिचा फोन येतो, "फूट आली का गं?"

एखाद्या वर्षी येत नाही. तरी मी सांगते, "आली होती, काढली."