मज्जाव असलेला मुलूख

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील चिखला येथे भूमीच्या उदरातून मँगनीजचे काळे, हाताला जड लागणारे खनिज निघते, पोलादाला कणखरपणा देण्यासाठी ते दूरच्या कारखान्यांत जाते, आणि ज्यांच्या श्रमाने ते वर येते त्यांची मुले त्या पाताळाविषयी केवळ ऐकून असतात. कारण अठरा वर्षांखालील कोणासही खाणीत कामास लावण्यास कायद्याची सक्त मनाई आहे. ही मनाई सर्वथा न्याय्य आहे. परंतु बाप जेथे पाळीला उतरतो आणि आपल्याला जेथे मज्जाव आहे, असा मुलूख ज्या बालकाच्या घराशेजारीच आहे, त्याला अद्भुताचे दार शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नसावे, असे मला वाटते.

अशा दारातून आत गेलेल्या बालकांमध्ये मला सर्वांत जवळचा वाटतो तो कठोपनिषदातील नचिकेत. यज्ञात म्हाताऱ्या, दूध आटलेल्या गाई दान देणाऱ्या पित्याला, ‘मला कोणाला देणार?’ असे त्याने पुनःपुन्हा विचारले, आणि संतापलेल्या पित्याने ‘मृत्यूला’ असे उत्तर देताच तो यमाच्या घरी गेला. यम घरी नव्हता, म्हणून तीन रात्री उपाशी राहिला. पुढे तीन वर मिळाले तेव्हा त्याने प्रथम काय मागितले, तर पित्याचा राग शांत व्हावा आणि परत आल्यावर त्याने आपल्याला प्रेमाने ओळखावे! ब्रह्मविद्येची थोरवी पंडितांनी पुष्कळ सांगितली आहे. मला मात्र ज्याने मृत्यूच्या हवाली केले त्या बापाचीच प्रथम चिंता वाहणाऱ्या मुलाचे हे मन अधिक थोर वाटते. तिसऱ्या वरात मरणोत्तर रहस्य विचारू नकोस, त्याऐवजी हत्ती, घोडे, सोने, दीर्घायुष्य, रथांत बसलेल्या अप्सरा घे, असे यमाने सांगून पाहिले, तरी तो ढळला नाही.

याउलट, सी. एस. लुईस यांच्या 1950 साली प्रसिद्ध झालेल्या, नार्निया या अद्भुत देशाच्या पहिल्या कथेत एडमंड नावाचा मुलगा चेटकिणीने दिलेल्या मिठाईला भुलून भावंडांशी बेइमान होतो, आणि पश्चात्तापाच्या वाटेने मोठा होतो. एक मोहाला नकार देतो, दुसरा त्यात सापडतो. पण दोघांजवळही त्या क्षणी हात धरणारे वडीलधारे माणूस नाही, आणि माझ्या मते शील घडते ते या एकटेपणात घेतलेल्या निर्णयाने, जादूने नव्हे. म्हणूनच ज्या कथेत संकट येताच देवदूत धावतो, ती रंजक असली तरी मुलाच्या हाती फारसे काही ठेवून जात नाही.

हल्ली मुलांना गोष्ट सांगताना भय, भूक आणि चूक गाळण्याची आपल्याला घाई असते. पाळीवरून परतलेल्या चिखल्याच्या बापांना, आणि तुम्हा-आम्हा सर्वांनाच, माझी कळकळीची विनंती आहे की, नचिकेताची गोष्ट मुलांना अवश्य सांगा, आणि सांगताना त्या तीन उपाशी रात्री वगळू नका.