पाणी आटतं तेव्हा…

शुक्रवारी दुपारी चारला अचानक मीटिंग लागली की समजून जायचं! पंधरा मिनिटांत माझा जॉब गेला, लॅपटॉपही गेला. एच-वन-बी व्हिसा असला की पुढचं गणित सोपं. हातात जास्तीत जास्त ६० दिवस. तेवढ्यात नवी नोकरी, नाहीतर बॅगा भरा.

मी काय केलं? सरळ शटर डाऊन. फोन सायलेंट, बाहेर खाणं बंद, मित्रांकडे जाणं बंद. पुण्याला आईला रोज एकच मेसेज, ‘सगळं मस्त’. दहाव्या दिवशी रूममेटनं अक्षरशः ओढत गाडीत बसवलं आणि अल्बुकर्कीहून दोनेक तासांवरच्या बॅन्डेलिअरला नेलं.

न्यू मेक्सिकोतले हे कोरडे डोंगर पहिल्यांदा बघाल तर म्हणाल, यात बघायचं काय? उघडी माती, गवताचे चार पुंजके आणि एकमेकांपासून फटकून उभी बुटकी, गोलमटोल झाडं. मुख्य झाडं दोनच. एक पिनयन, म्हणजे आपल्या चिलगोज्याचा अमेरिकन चुलतभाऊ. दुसरा ज्युनिपर, पिळवटलेला, सालीच्या चिंध्या लोंबणारा. मध्ये मध्ये करडी खोडं आडवी पडलेली.

‘ही कशानं मेली?’ मी तिथल्या रेंजरबाईंना विचारलं.

त्या म्हणाल्या, २००२-०३चा दुष्काळ. जवळच्याच एका अभ्यासाच्या जागेत ९० टक्क्यांहून जास्त पिनयन गेले. ज्युनिपर मात्र बरेचसे टिकले.

कारण ऐकून मी चाटच पडलो. पानांवर बारीक रंध्रं असतात. ती उघडी असली की हवा आत येते, झाडाचं अन्न तयार होतं. पण पाणीही उडून जातं. दुष्काळ आला की पिनयन रंध्रं पटकन मिटून घेतो. पाणी वाचतं, पण चूल बंद! महिनोन्‌महिने असं चाललं की साठा आटतो, राळ बनवायची ताकद उरत नाही. ही राळच त्याचं हत्यार. साल पोखरायला आलेल्या भुंगेऱ्यांना तो राळेनंच बाहेर ढकलतो. राळ संपली की भुंगेऱ्यांना रान मोकळं.

ज्युनिपर रंध्रं बऱ्यापैकी उघडी ठेवतो, कोरड्या मातीतूनही पाणी ओढत राहतो. त्यात रिस्क आहेच. पाण्याच्या नळ्यांत हवा शिरते, एखादी फांदी वाळून जाते. बाकीचं झाड चालू!

‘म्हणजे ज्युनिपर स्मार्ट?’

‘तसं नाही,’ बाई हसल्या. छोट्या दुष्काळात पिनयनची युक्ती चालून जाते. आणि अलीकडच्या कडक उन्हाळ्यांत काही ठिकाणी ज्युनिपरही मेलेत.

मग त्यांनी एका ज्युनिपरखाली वाकायला लावलं. सावलीत वीतभर उंचीचं पिनयनचं रोप! पिनयनच्या बीला पंख नसतात, ते वाऱ्यावर उडत नाही. पिनयन जे नावाचा निळा पक्षी हिवाळ्यासाठी हजारो बिया जमिनीत पुरून ठेवतो. काही खायच्या राहून जातात, त्या रुजतात. तेही बहुतेक कुणाच्या तरी सावलीत. उघड्या उन्हात रोप जगणं अवघडच.

परतताना मी गप्प होतो. संध्याकाळचे सहा, म्हणजे पुण्यात पहाटेचे साडेपाच. आई उठलेलीच असते. फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

‘दहा दिवस खोटं बोलत होतास होय रे?’ ती म्हणाली. मग जरा थांबून, ‘जेवतोयस ना नीट?’

त्या रात्री ओळखीच्या अकराजणांना मेसेज केले. लाज वाटली, पण केले. तिथं नोकरी नाही मिळाली, हे खरंच आहे. त्या अकरातल्या एकानं पुण्यातलं काम सुचवलं आणि ५७व्या दिवशी मी विमानात बसलो.

एक फांदी वाळली. बाकीचं झाड चालू आहे!