ढिगाऱ्यातून निघालेले भुजचे रस्ते

सूरजबारीचा पूल मागे पडला की मिठाचे पांढरे ढीग दिसू लागतात आणि कच्छ लागतं. मुंबईची गाडी पुढे सामखियाळी, भचाऊ, गांधीधाम, अंजार करत भुजला पोचते. आपल्यापैकी अनेकांनी ही नावं पहिल्यांदा ऐकली ती २६ जानेवारी २००१ च्या बातम्यांत. सकाळी पावणेनऊला, प्रजासत्ताक दिनाच्या झेंडावंदनाच्या वेळी, भचाऊ तालुक्यातल्या चोबारीजवळ ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. सरकारी नोंदीप्रमाणेच गुजरातेत तेरा हजारांहून जास्त माणसं गेली. अंजारच्या अरुंद बाजारातून प्रभातफेरी चालली होती. दोन्ही बाजूंच्या भिंती त्या फेरीवर कोसळल्या आणि मुलं व शिक्षक मिळून दोनशेच्या घरात जीव गेले.

त्यामुळे भुजच्या जुन्या शहरात शिरताना माझी नजर आधी रस्त्यांवर गेली. तटबंदीच्या आतलं एवढं जुनं गाव, पण रस्ते सरळ आणि ऐसपैस आहेत. सराफ बाजाराजवळ एका वयस्कर दुकानदारांशी गप्पा सुरू झाल्या. पूर्वीची गल्ली किती रुंद होती हे दाखवायला त्यांनी दोन्ही हात पसरले. मी विचारलं, "काका, तुमचं घर इथंच होतं?" समोरच्या रस्त्याच्या मधोमध बोट दाखवून ते म्हणाले, "तिथं होतं. आता तिथून गाड्या जातात. वाईट वाटतं, पण माझ्या नातवाला बाहेर पळायला वाट आहे."

ही वाट सहज मिळालेली नाही. जुनी घरं जाड दगडी भिंतींची, मातीत किंवा चुन्यात रचलेली होती. अशी भिंत जोरात हादरली की तिचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांपासून सुटतात, दगड गल्लीत ओघळतात आणि वरचं जड छप्पर खाली येतं. किल्लारीच्या भूकंपाने १९९३ मध्ये आपल्याला हेच शिकवलं होतं. भुजमध्ये त्यात अरुंद गल्ल्यांची भर पडली. दोन्हीकडची घरं मध्ये कोसळली, वाटा बुजल्या आणि मोठी यंत्रं आत नेता येईनात. लष्कराच्या जवानांनी आणि गावकऱ्यांनी हातांनी दगड उपसून माणसं काढली.

पुढची सफाई आणखी अवघड होती. ढिगाऱ्यात संसार होते, दागिने होते, कागदपत्रं होती. कुणाचं घर कुठे संपत होतं याच्या खुणाही त्यातच गाडल्या गेल्या होत्या. अर्धवट उभ्या भिंती आधी उतरवायच्या आणि मग राडारोडा गावाबाहेर न्यायचा, असं ते काम चाललं. शहर इथंच उभारायचं की दुसरीकडे हलवायचं, यावर लोक भांडले आणि रडलेही. अखेर जुनं शहर जागेवरच ठेवायचं ठरलं. नगररचना योजनेत प्रत्येक भूखंडातून थोडी थोडी जमीन घेऊन रस्ते काढले. अगदी लहान भूखंडांना कपात नव्हती, मोठ्यांना जास्त होती. ज्यांना आत जागा उरली नाही त्यांच्यासाठी शहराबाहेर वसाहती झाल्या. शेजार तुटले, हे नुकसान कोणत्याही नकाशात भरून आलं नाही.

जुन्या शहरातल्या दरबारगडात आयना महाल आणि प्राग महाल हे राजवाडे शेजारी शेजारी आहेत. आयना महाल अठराव्या शतकात राव लखपतजींसाठी रामसिंह मालम या कारागिराने घडवला. काचकाम तो युरोपात शिकून आला होता. भूकंपात महालाचा वरचा भाग कोसळला, तरी आरशांच्या दालनात आजही जाता येतं. लखपतजींच्या स्मारकछत्रीची मात्र मोठी पडझड झाली होती. तिथे मी एका पडलेल्या खांबाजवळ बराच वेळ बसले. लालसर दगडात कोरलेली वेलबुट्टी एका टोकाशी अचानक तुटली होती, आणि तुटल्या कडेवर दगडाचे कण अजून बोटाला लागत होते. असे तुकडे राडारोडा म्हणून उचलले गेले असते तर परत कधीच मिळाले नसते. काय फेकायचं आणि काय जपायचं, हे सफाईतच ठरतं.

कच्छला हा धडा पहिल्यांदा मिळाला असंही नाही. जून १८१९ च्या भूकंपात रणातला सिंदरीचा किल्ला पाण्यात गेला आणि उत्तरेला जमिनीचा लांबलचक बांध वर आला. लोक त्याला अल्लाहबंद म्हणतात. तेव्हाही भुजची मोठी पडझड झाली होती. १९५६ मध्ये अंजार हादरलं, शंभरावर माणसं गेली. तरी अनेकांनी पुन्हा तशाच गल्ल्यांत तशीच घरं बांधली. २००१ नंतर मात्र बांधण्याची रीत बदलली. पूर्वीचं सरकारी रुग्णालय कोसळलं होतं. त्याच्या जागी उभ्या राहिलेल्या नव्या रुग्णालयाच्या पायात रबर आणि शिशाचे बेअरिंग बसवले आहेत. जमीन हादरली तरी धक्क्याचा जोर तिथेच ओसरतो आणि वरची इमारत संथ डोलते. भूकंपात सगळ्यात आधी लागतं ते रुग्णालय, म्हणून मला ही इमारत राजवाड्याइतकीच मोलाची वाटली.

भुजिया डुंगरावरच्या स्मृतिवन या भूकंपस्मारकात छोटे बंधारे आहेत आणि त्यांवर गावोगावच्या मृतांची नावं आहेत. एकाच आडनावाची नावं ओळीने वाचताना आकड्यांमागची घरं समोर उभी राहतात.

परतीच्या वाटेवर अहमदाबादला थांबले. भूकंपाच्या केंद्रापासून हे शहर दोनशे किलोमीटरहून लांब, तरी तिथे साडेसातशेच्या आसपास माणसं दगावली. पडलेल्या कित्येक इमारती जुन्या नव्हत्या, काँक्रीटच्या बहुमजली होत्या. तळमजल्यावर पार्किंगसाठी भिंती गाळलेल्या, नुसते खांब. वरचे मजले भिंतींमुळे ताठ, खालचा मोकळा आणि लवचीक, त्यामुळे हादऱ्याचा सगळा ताण त्या खांबांच्या माथ्या-पायथ्याशी एकवटतो.

अशाच इमारतींत पुण्या-मुंबईत, ठाण्या-नाशकात आपण राहतो. कोयनेच्या भूकंपाने १९६७ मध्ये आपल्याला एकदा इशारा दिलेला आहे. सोसायटीच्या सभेत रंगाचा विषय निघतो, तेव्हा पार्किंगमधल्या खांबांचाही विषय काढा. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून ते तपासून घ्या, कमकुवत असतील तर मजबूत करून घ्या आणि गाड्यांनी अडवलेली गल्ली मोकळी ठेवा. भुजने हे रस्ते घरं गमावून मिळवले. आपल्याला ते ज्ञान फुकट मिळतं आहे, आणि ते वापरायला अजून वेळ आहे.