चुंबक आणि टाळ



चार वर्षांपूर्वी अर्धांगवायूने माझा उजवा हात लुळा पडला आणि आयुष्यभराचे कीर्तन थांबले. आता त्या हातात टाळ धरता येतो, घास तोंडापर्यंत जातो. भिवंडीत माळकरी भेटले की विचारतात, "महाराज, त्या चुंबकाच्या उपचाराने हात आला म्हणे?" विचारणाऱ्याची आई अंथरुणाला खिळलेली असते, कोणी त्यासाठी कर्ज काढायला निघालेला असतो. म्हणून उत्तर जपून द्यावे लागते.

उपचार असा. डोक्याला लागून तारेचे वेटोळे धरतात. त्यातून विजेचे क्षणिक ठोके सोडले की चुंबकत्व कवटीतून आत जाते आणि मेंदूत सूक्ष्म वीज उठते. बदलत्या चुंबकत्वातून वीज निर्माण होते, हे फॅरेडेने १८३१ साली दाखवले. मेंदूवर हा प्रयोग १९८५ साली इंग्लंडातील शेफिल्डच्या अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी केला. चिरफाड नाही. डोक्याला टिचक्या लागतात आणि आपल्या यंत्रमागासारखी खटखट ऐकू येते.

उजवा हात मेंदूची डावी बाजू चालवते. कीर्तनात टाळकऱ्यांची एक रांग दमली आणि दुसरी जोरात वाजवू लागली, तर दमलेल्या रांगेला लय सापडत नाही. मेंदूची धडधाकट बाजू दुखावलेल्या बाजूला अशीच दाबते, असा एक विचार आहे. म्हणून धडधाकट बाजूवर सेकंदाला एक ठोका देऊन तिला शांत करतात, किंवा दुखावलेल्या बाजूला जलद ठोक्यांनी जागवतात.

अमेरिकेत १२ केंद्रांत १९९ रुग्णांवर याची परीक्षा झाली. निकाल २०१८ साली आला. काहींना खरे ठोके, काहींना नुसता देखावा. हाताचा सराव मात्र सर्वांना. खरे ठोके मिळालेल्यांत शंभरी ६७ जण सुधारले, देखावा मिळालेल्यांत ६५. काही लहान प्रयोगांत फायदा दिसला आहे, म्हणून चुंबकाला खोटे म्हणवत नाही. पण दोन्हीकडे सारखा होता तो सराव.

मला दोन्ही मिळाले. हात कोणी दिला, हे वेगळे काढता येत नाही. चुंबक काही आठवडे होते. एका वाटीतले वाटाणे दुसऱ्या वाटीत टाकणे आजही चालू आहे. गुरू मंत्र एकदाच देतात, जप शिष्यालाच करावा लागतो.

तेव्हा माउली, कर्ज काढण्याआधी डॉक्टरांना नीट विचारा. फिट येत असतील, डोक्यात धातू किंवा छातीत पेसमेकर असेल, तर ते आधी सांगा. आणि निर्णय काहीही होवो, आजपासून हरिपाठाच्या वेळी आईजवळ बसा. फिजिओथेरपिस्टने दाखवल्याप्रमाणे, खांद्याला ओढ न देता, तिचा लुळा हात हाती घ्या आणि टाळी वाजवून घ्या. त्याला पैसे पडत नाहीत. रोज बसणारे माणूस मात्र लागते.