भेस्तान ते सापुतारा : मागच्या आसनावरून

मुंबईहून सुरतेकडे येणारी गाडी नवसारी, मरोली, सचीन ही गावे मागे टाकून पुढे निघाली की उधन्याच्या आधी भेस्तान नावाचे एक लहानसे स्थानक लागते. बहुतेक जलद गाड्या येथे थांबत नाहीत. खिडकीशी बसलेल्या प्रवाशाला दिसतात त्या पांडेसऱ्याच्या रंगकामाच्या गिरण्यांच्या चिमण्या, दाट वस्ती आणि गटारातून वाहणारे, रोज निराळ्या रंगाचे पाणी. एकेकाळी येथे शेते होती. आज भेस्तान सुरत महानगराच्या पोटात आहे आणि त्याच्या गल्ल्यांतून यंत्रमागांची खडखड रात्रीही थांबत नाही.

तथापि मराठी माणसास हे परके गाव वाटू नये. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा आणि भेस्तान या साऱ्या पट्ट्यात खानदेशातून आलेली कुटुंबे दोन-दोन, तीन-तीन पिढ्यांपासून नांदत आहेत. उधन्याहून नंदुरबार, अमळनेरवरून जळगावास जाणाऱ्या लोहमार्गाने ही माणसे आली; मागावर उभी राहिली; येथेच त्यांची घरे झाली. संध्याकाळी भेस्तानच्या कोपऱ्यावर उभे राहावे, ‘कथा चालना रे भाऊ?’ ही अहिराणी हाक कानी पडते आणि आपण तापीच्या कोणत्या टोकाला आहो याचा क्षणभर संभ्रम होतो.

इतिहासही येथे पावलोपावली आहे. शेजारचे सचीन हे हबशी नबाबांचे संस्थान. जंजिऱ्याच्या गादीवरील हक्क पेशव्यांस सोडून देण्याच्या बदल्यात १७९१ साली हा मुलूख सिद्दी घराण्यातील एका वारसाला मिळाला. दुसऱ्या बाजूस डिंडोली. १९३० च्या एप्रिलमध्ये दांडीस जाताना गांधीजींचा मुक्काम सुरतेनंतर याच वाटेने डिंडोली, वांझ, धामण, नवसारी असा पडत गेला. सुरतेहून दांडी गाठण्यास त्या यात्रेला चार-पाच दिवस लागले. याच भूमीवरून आता आमचा भाचा ज्या वाहनाने जातो त्याला तेवढ्या अंतरासाठी एक तास पुष्कळ होतो. त्या वाहनाविषयीच हे चार शब्द लिहावयाचे आहेत.

आमची धाकटी बहीण भेस्तानात राहते. मेहुण्यांनी उभी हयात मागावर काढली. मुलगा शिकला, पांडेसऱ्यातील एका गिरणीच्या प्रयोगशाळेत तो कापडाच्या रंगांची जुळणी करतो. त्याने मागील वर्षी साठवलेल्या पैशांतून आणि थोड्या कर्जातून एक जुनी मोटारसायकल घेतली. साधी नव्हे, शर्यतीच्या घाटाची, पुढे वाकून चालवावयाची, केटीएम आरसी ३९०. बहिणीने आम्हास निरोप धाडला, ‘दादा, तो माझे ऐकत नाही. तुम्ही हेडमास्तर माणूस. त्याला ती विकून टाकायला सांगा.’ तिची भीती उगीच नव्हती. तिच्याच गल्लीतील एक एकोणीस वर्षांचा मुलगा आदल्या पावसाळ्यात सचीनच्या रस्त्यावर रात्री उभ्या ट्रकवर आदळून गेला. त्याच्या आईच्या शेजारी बसून आमच्या बहिणीने तेरा दिवस काढले होते.

निवाडा देण्यापूर्वी वस्तू पाहावी, या न्यायाने आम्ही नवरात्र आटोपताच भेस्तानास गेलो. गाडी दारात उभी होती. नारिंगी सांगाडा, काळे-पांढरे अंग, पुढून निमुळते तोंड. गल्लीतील पोरे तिच्याभोवती अशी उभी होती, जणू कोणी सरदाराचा घोडा आणून बांधला आहे! घोडा म्हणावयास कारणही आहे. कंपनी मूळची ऑस्ट्रियाची. परंतु तिच्यात २००७ साली आपल्या बजाजने भाग घेतला आणि ही आरसी २०१४ सालापासून घडू लागली ती पुण्याजवळच्या चाकणला. ज्या चाकणचा भुईकोट फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० साली शायिस्ताखानाच्या फौजेविरुद्ध जवळजवळ दोन महिने लढवला, त्याच चाकणहून या गाड्या जहाजात चढून युरोपात गेल्या. हे भाच्याला ठाऊक नव्हते. त्याला ठाऊक होते ते आकडे: एकच सिलिंडर, ३७३ घनसेंटिमीटर, त्रेचाळीस अश्वशक्ती, सहा गिअर, इंजिन थंड ठेवण्यास पाणी.

आमच्या महाविद्यालयीन दिवसांत अशी एकच गाडी होती. एस्कॉर्ट्स कंपनीने १९८३ साली यामाहाच्या परवान्याने काढलेली राजदूत ३५०. दोन सिलिंडर, तीस-एक अश्वशक्ती, आणि आवाज असा की दोन गल्ल्या पलीकडे कळावे. पेट्रोल इतके पिई की त्या काटकसरीच्या काळात ती फार खपली नाही व दशक संपता संपता बंदच पडली. तिचे पुढचे ब्रेक तिच्या वेगाला पुरत नसत, अशी जाणत्यांची तक्रार असे. वेग दिला पण थांबण्याची सोय बेताचीच दिली, असा तो काळ होता. या नव्या गाडीच्या पुढच्या चाकावर तळहातापेक्षा मोठी पोलादी तबकडी आहे, आणि ब्रेक करकचून दाबला तरी चाक जागीच आवळले जाऊ नये अशी योजना आहे. सव्वाशे घनसेंटिमीटरवरच्या सर्व नव्या दुचाक्यांना ही योजना आपल्या देशात २०१९ च्या एप्रिलपासून सक्तीची झाली. आमच्या मते गेल्या चाळीस वर्षांतली खरी प्रगती ही आहे. अश्वशक्तीचे कौतुक पोरांनी करावे.

भेस्तानात या घोड्याचे हाल पाहवत नाहीत. उधना दरवाजापासून सचीनच्या औद्योगिक वसाहतीपर्यंतचा हमरस्ता म्हणजे बस, टेम्पो, कापडाचे तागे लादलेल्या रिक्षा आणि मधूनच आडव्या येणाऱ्या गाई. मधोमध जलद बसचा राखीव मार्ग. त्यात घुसून पुढे निघावे असा मोह तरुणांना पडतो, आणि पुढून बस येते. या गर्दीत आरसी दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही. मंद चालवली की ती अडखळते, धक्के देते. इंजिनाचा पंखा सुरू होऊन चालकाच्या पायांवर भट्टीसारखा झोत सोडतो. पुढे वाकून मनगटे भरून येतात. गिरणीत जाण्यास भाचा वडिलांची जुनी स्कूटरच नेतो, हे कळले तेव्हा त्याच्या अकलेविषयी आमचे मत थोडे सुधारले.

‘मामा, एकदा सापुताऱ्यापर्यंत चला, मग आईला काय सांगायचे ते सांगा,’ तो म्हणाला.

कोजागिरीच्या दोन दिवस आधी पहाटे आम्ही निघालो. मागचे आसन म्हणजे शेपटाच्या टोकावरची एक उशी. कंपनीने ती अशी बेमालूम केली आहे की ते आसन आहे हे सांगावे लागते. धरावयास ठसठशीत असे काही नाही. पन्नाशी उलटलेल्या माणसाने तेथे चढणे हा स्वतंत्र व्यायाम आहे. त्याचे वर्णन आम्ही गाळतो. डोक्यावर हेल्मेट दोघांच्याही. गुजरातेत २०१९ च्या डिसेंबरात शहरहद्दीपुरती हेल्मेटातून सूट जाहीर झाली होती. ती पुढे टिकली नाही, हे बरे झाले. भाच्याने चाकांतील हवा पाहिली, साखळीला तेल दिले, आणि आम्हास एकच सूचना केली: ‘वळणावर गाडी झुकेल. तुम्ही माझ्याबरोबर झुका. घाबरून उलट बाजूला कलू नका, नाहीतर गाडी सरळ जाईल आणि रस्ता वळेल.’ विद्यार्थ्याने गुरुजींस इतक्या नेमक्या शब्दांत सांगावे असे क्वचितच घडते.

सचीन, मरोली, नवसारी. नवसारी हे जमशेटजी टाटांचे जन्मगाव. पुढे राष्ट्रीय महामार्ग. सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर भाच्याने एकदाच गिअर वर चढवून गाडी मोकळी सोडली. तिचा भेस्तानातला चिडखोर आवाज गेला, एक सलग स्वर लागला, झाडे मागे सरकली आणि आमच्या पोटात खड्डा पडला. मग तो आपणहून ऐंशीवर आला आणि चिखलीपर्यंत तेथेच राहिला. ताशी ऐंशीने गाडी एका सेकंदात बावीस मीटर जाते, चाळीसने अकरा. वेग दुप्पट केला की ब्रेक लावल्यावरचे अंतर मात्र दुप्पट होत नाही, चौपट होते. हे गणित आठवीच्या मुलाला शिकवता येते. ते अंगात मुरवणे ही दुसरी गोष्ट.

चिखलीस महामार्ग सोडून पूर्वेस वळलो. वांसदा ओलांडले की साग आणि बांबूचे रान सुरू होते. पुढे वघई. हे गाव बडोदेकरांच्या दूरदृष्टीची खूण आहे. गायकवाडी संस्थानाने बिलिमोऱ्याहून त्रेसष्ट किलोमीटरची अरुंद रेल्वे येथवर आणली, १९१३ साली, ती या रानातील सागासाठी. वघईत चहा घेतला. टपरीवाल्याची डांगी बोली आम्हास गुजरातीपेक्षा अहिराणीच्या जवळची वाटली. १९६० साली द्विभाषिक मोडले तेव्हा डांग गुजरातेत गेले. सीमा कागदावर ओढली गेली, बोलीने ती काही मानली नाही.

वघईपासून सापुतारा पन्नास किलोमीटर. अखेरचा टप्पा घाटाचा आहे, आणि या गाडीचे असणे जर कोठे सार्थ होत असेल तर ते येथे. वळणाच्या आधीच वेग उतरवायचा, गिअर कमी करायचा, नजर पुढच्या चाकावर न ठेवता वळण जेथे संपते तेथे ठेवायची, गाडी झुकवायची, आणि रस्ता उलगडू लागला की हळूच पुन्हा शक्ती द्यायची. भाचा एकेक वळण असे घेत होता, जसा जाणता गवई समेवर येतो. तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर आमच्या अंगातील ताठरपणा गेला. खरे सांगावयाचे तर आम्हास आनंद झाला. त्या आनंदात वेग फारसा नव्हता. पन्नासच्या वर काटा गेला नव्हता.

एका आंधळ्या वळणावर भाच्याने आधीच गाडी जवळजवळ पायी चालण्याइतकी मंद केली. आम्हास कारण दिसेना. वळण पुरे झाले आणि समोर रस्ताभर कावडीवाले! खांद्यावर तापीचे पाणी, अनवाणी पाय, वणीच्या सप्तशृंगी गडाकडे निघालेले. कोजागिरीस देवीला नद्यांचे जल घालण्याची ही चाल जुनी आहे. त्यांत एक बाई सहा-सात वर्षांच्या मुलीचा हात धरून रस्त्याच्या मधोमध चालत होती. भाच्याने इंजिन बंद केले, पाय टेकवून गाडी कडेला घेतली आणि सारे पुढे जाईपर्यंत थांबला. ‘तुला कसे कळले?’ आम्ही विचारले. ‘कळले नाही, मामा. जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यातच थांबता आले पाहिजे, एवढेच.’ हे त्याला कोणी शिकवले, म्हणून विचारले. गल्लीतला तो मुलगा त्याचा मित्र होता, एवढे बोलून तो गप्प झाला.

सापुताऱ्याचे वर्णन येथे करीत नाही. तळे आहे, नौका आहेत, सुट्टीची गर्दी आहे. आम्ही हातगडाच्या दिशेने जरा पुढे, महाराष्ट्राच्या हद्दीत जाऊन भाकरी सोडली आणि तिसऱ्या प्रहरी परत फिरलो.

बहिणीस आम्ही विकण्याविषयी काही सांगितले नाही. इतके सांगितले की तुझ्या शेजारणीचा मुलगा गेला तो साध्या लहान गाडीवरून, हेल्मेटाविना, अंधारात. आपल्या देशात २०२२ साली रस्त्यांवर एक लाख अडुसष्ट हजारांवर माणसे गेली आणि त्यांत शंभरांतली चव्वेचाळीस दुचाकीवरची होती. त्या साऱ्या काही शर्यतीच्या गाड्या नव्हत्या. मोठ्या गाडीत धोका अधिक नाही, असे मात्र आम्ही म्हणालो नाही, कारण ते खरे नाही. मग भाच्यास तिच्यासमोर बसवले. रात्री ही गाडी बाहेर निघणार नाही. मागे मित्र बसवून पैजा लागणार नाहीत. टायर झिजला तर हप्त्याआधी टायर. तिन्ही गोष्टी त्याने मान्य केल्या.

चौथ्या अटीवर मात्र वाद झाला. संक्रांतीच्या सुमारास सुरतेत मांजाने दुचाकीस्वारांचे गळे कापले जातात. त्या दिवसांत उड्डाणपुलांवर दुचाकीस पोलीस मनाई करतात आणि शहाणी माणसे हँडलवर तारेची उंच कमान बसवून घेतात. ‘आरसीला ती कमान? मामा, लोक हसतील!’ त्याची आई काही बोलली नाही. ती उठून आत गेली आणि स्कूटरसाठी आणलेली तार घेऊन बाहेर आली. जानेवारीत आम्ही पुन्हा भेस्तानास गेलो तेव्हा त्या नारिंगी घोड्याच्या डोक्यावर ती कमान होती, जराशी वाकडी बसलेली, आणि गल्लीतील पोरे खरोखरच हसत होती.