आजींची तबकडी

गेल्या पावसाळ्यात खानापूर तालुक्यातील आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध माउली मजकडे आल्या. पदराच्या गाठीत पेनड्राइव्ह होता. नातवाच्या प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या मिस्सेत आजोबांनी पौलाच्या पत्रातील पाठ वाचला होता, तो कोणीतरी फोनवर टिपलेला. आजोबा आता देवाघरी आहेत. घरी मोठा फोन नाही, जुना डीव्हीडी प्लेअर तेवढा आहे. “फादर, एवढं आमच्या पेटीत दिसेल असं करून द्या.”

ते चित्रण मी कोऱ्या तबकडीवर जसेच्या तसे उतरविले व निःशंकपणे त्यांच्या हाती दिले. रविवारी आजींनी शेजारणी जमविल्या, आणि पडद्यावर उमटले काय, तर ‘फाइल चालत नाही’! मी शरमलो. एका तरुणाने फाइलच्या नावाचे शेपूट बदलण्याचा उपाय सुचविला. परंतु डब्यावरील चिठ्ठी बदलल्याने आतील तांदळाचे गहू होत नाहीत.

खरी अडचण आतील भाषेची होती. डीव्हीडी १९९६ साली बाजारात आली. तिला एमपेग-२ ही पद्धती कळते. फोनातील चित्रण बहुधा एच.२६४ पद्धतीचे असते, आणि ती २००३ साली ठरली. साध्या प्लेअरला ती समजावी कशी? तेव्हा आपल्याकडील पाल रीतीप्रमाणे ७२० बाय ५७६ बिंदूंची चौकट व सेकंदास २५ चित्रे, अशा मापात सारे नव्याने घडवावे लागले. डीव्हीडीस्टायलर नावाचा विनामूल्य प्रोग्राम हे काम करतो. फोनवरील लखलखीतपणा त्यात थोडा उणावतो, हे मी आजींना आधीच सांगून ठेवले.

तरीही दुसरी तबकडी माझ्या संगणकावर चालली, त्यांच्या यंत्रावर नाही! ती शेवटी ‘फायनलाइज’ म्हणजे कायमची बंद करावयाची राहून गेली होती. सेमिनरीत आम्हांस लॅटिन शिकविले, हे नाही.

तिसऱ्या खेपेस मी स्वतःच घेऊन गेलो. शेजारणींना या वेळी बोलावणे नव्हते. चित्र किंचित धूसर, आवाज मात्र स्वच्छ. आजी पडद्याकडे फारशा पाहत नव्हत्या. डोळे मिटून ऐकत होत्या.

“‘करिंथकरांस’ म्हणताना ते नेहमी अडखळायचे,” त्या म्हणाल्या. “अडखळले ना?”

अडखळले होते.

त्यांनी रिमोट माझ्या हाती दिला. “जरा मागं घ्या, फादर.”